जपानी सुताराची रेघ

सुतार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर करवत, रंधा आणि पटाशी उभी राहते. ही सगळी कापणारी हत्यारे. कापण्याचा आवाज होतो, भुसा उडतो, ढलप्या पडतात, त्यामुळे काम चालले आहे हे दुरूनही कळते. पण करवत लाकडाला लागण्यापूर्वी सुतार बराच वेळ गप्प बसून काहीतरी करीत असतो. तो मोजतो, रेघ ओढतो, खूण करतो आणि कधी कधी नुसताच फळीकडे पाहत राहतो. हे काम बघणाऱ्याला काम वाटतच नाही.

माझे वडील सुतारकाम करतात. लहानपणी सुट्टीच्या दिवशी सुताचे दुसरे टोक धरण्याचे काम माझ्याकडे असे. गेरूच्या पाण्यात भिजवलेली दोरी मी फळीच्या एका टोकाला अंगठ्याने दाबून धरायची, अण्णांनी दुसऱ्या टोकाला ताणायची आणि मध्येच उचलून सोडायची. फट्‌ असा आवाज होऊन तांबडी सरळ रेघ उमटे. त्या वेळी मला तो एक खेळ वाटे. मागील वर्षी आमच्या वर्गात 'जगातील हस्तव्यवसाय' या विषयावर प्रत्येकाने एक टिपण वाचावयाचे होते. ग्रंथालयात जपानी लाकूडकामावरचे एक सचित्र पुस्तक हाती लागले आणि त्यात पहिल्याच काही पानांत तीच दोरी दिसली. मी टिपण वाचले तेव्हा मागच्या बाकावरून "आता बी.ए.ला सुतारकाम पण आहे का?" असा प्रश्न आला आणि वर्ग हसला. त्या प्रश्नाला तेव्हा मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे वर्षभराने दिलेले उत्तर समजावे.

खुणा करणे हे मुख्य काम

जपानमधील जुनी घरे व मंदिरे लाकडी खांब आणि तुळया एकमेकांत गुंतवून उभी केलेली आहेत. खिळ्यांवर भिस्त ठेवण्याऐवजी एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत अचूक बसवायची, ही तिकडची पद्धत. नारा शहराजवळील होर्युजी या बौद्ध मंदिरातील इमारती जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणल्या जातात. तेथील पाच मजली पॅगोडा सुमारे तेराशे वर्षे उभा आहे. अशा बांधकामात शेकडो लाकडे जमिनीवर वेगवेगळी घडवली जातात आणि शेवटी एकत्र उभी केली जातात. उभारणीच्या दिवशी एखादी खाच बोटभर चुकलेली निघाली तर काय होईल याची कल्पना करावी. म्हणून लाकडावर खुणा करण्याच्या कामाला तेथे स्वतंत्र नाव आहे, 'सुमित्सुके', म्हणजे शाई लावणे. हे काम मुख्य सुतार स्वतः करतो. त्याला 'तोर्यो' म्हणतात आणि त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ आढे आणि तुळई असा आहे. कापण्याचे काम शिष्य करू शकतात, पण रेघ मुख्य सुताराची.

१९४३ साली झालेल्या एका पाहणीत जपानी सुताराच्या पूर्ण संचात १७९ हत्यारे मोजली गेली. पटाश्या आणि रंधे त्यांत सर्वांत जास्त. परंतु काम सुरू करण्याच्या पारंपरिक विधीत मान मिळतो तो तीन साधनांना: शाईची दोरी, कोनमाप आणि 'चोना' म्हणजे वाकस. या तिघांपैकी दोन साधनांना धारच नाही! ही गोष्ट वाचल्यावर मी थोडी थबकले. ज्या साधनांनी लाकडाचा एक कणही निघत नाही, त्यांना विधीत जागा का मिळाली असेल? या लेखात त्या साधनांची ओळख करून देते आणि ती निवडावी कशी, वापरावी कशी हेही सांगते.

शाईची दोरी

पहिले साधन 'सुमित्सुबो', म्हणजे शाईचे भांडे. हे साधारण हातभर नसलेले, होडीसारख्या आकाराचे लाकडी साधन असते. पुढच्या भागात एक खळगा असतो. त्याला 'तळे' अशा अर्थाचा शब्द आहे. त्या तळ्यात शाईने भिजवलेला रेशमाचा किंवा कापसाचा बोळा ठेवतात. मागच्या भागात एक चाक असते, त्यावर बारीक रेशमी दोरा गुंडाळलेला. दोरा चाकावरून निघतो, बोळ्यातून जाताना शाई पितो आणि समोरच्या भोकातून बाहेर येतो. त्याच्या टोकाला एक लहान लाकडी मूठ व तिला टोकदार टोचणी असते. टोचणी लाकडात रोवली की दुसऱ्या माणसाची गरज राहत नाही. म्हणजे माझे लहानपणीचे काम जपानात ही टोचणी करते!

दोरा ताणून बोटाने दाबायचा, दुसऱ्या हाताने सरळ वर उचलायचा आणि सोडायचा. 'सरळ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दोरा किंचितही बाजूला ओढून सोडला तर रेघ धनुष्यासारखी वाकते. लाकूड फार लांब असेल तर मध्यावर दोरा बोटाने दाबून धरावा आणि दोन्ही अर्धे भाग वेगवेगळे मारावेत.

दोरीचा खरा उपयोग वाकड्या लाकडावर कळतो. फळीची कड सरळ असेल तर पट्टी लावूनही रेघ ओढता येते. पण झाडाच्या वाकड्या ओंडक्याला कडच नसते. तेव्हा जपानी सुतार ओंडका दोन ठोकळ्यांवर ठेवतो, त्याच्या दोन्ही टोकांना ओळंबा धरून मध्यातून जाणारी उभी रेघ काढतो आणि मग त्या दोन रेघांची वरची टोके शाईच्या दोरीने जोडतो. लाकूड कितीही वाकडे असो, त्याच्या अंगावर एक सरळ मध्यरेषा मिळते. पुढची सगळी मापे या मध्यरेषेपासून घ्यायची, लाकडाच्या कडेपासून नव्हे. वाकड्या तुळया असूनही घर सरळ उभे राहते ते या रेषेमुळे.

शाई काजळी आणि सरस यांची. ती लाकडात मुरते आणि शतकानुशतके टिकते. जुन्या इमारती दुरुस्तीसाठी उकलल्या जातात तेव्हा सांध्यांच्या आत, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे, जुन्या सुतारांच्या रेघा व अक्षरे दिसतात. नारा येथील तोदाइजी मंदिराचा भव्य दक्षिण दरवाजा ११९९ साली पुन्हा उभारला गेला. १८७९ साली त्याच्या वरच्या लाकडांत एक जुना सुमित्सुबो सापडला. कोणी सुतार तो तेथे ठेवून खाली उतरला आणि विसरला, की मुद्दाम ठेवला, कोण जाणे! नाराच्या शोसोइन या आठव्या शतकातील भांडारातही चांदीच्या रंगाने नक्षी काढलेला एक छोटासा सुमित्सुबो जपलेला आहे. पुढच्या काळात सुतार स्वतःच आपला सुमित्सुबो कोरीत आणि त्यावर दीर्घायुष्याची चिन्हे म्हणून करकोचा व कासव काढीत.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट आवडेल. आठव्या शतकातील 'मान्योशू' या जपानी काव्यसंग्रहात एकनिष्ठ प्रेमाला हिदा प्रांतातील सुतारांच्या शाईदोरीची उपमा दिलेली आढळते. आपल्याकडेही या दोरीने भाषेत घर केलेले आहे. 'सुतार' हा शब्द ज्या कुळातला, त्याच कुळात 'सूत्रधार' आहे. संस्कृतात सूत्रधार म्हणजे नाटक चालवणारा आणि सूत्रधार म्हणजे दोरी धरून वास्तू आखणाराही. मेवाडच्या राणा कुंभाच्या काळी शिल्पशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा मंडन हा 'सूत्रधार मंडन' म्हणूनच ओळखला जातो. आपण स्नेहसंमेलनात रंगमंचावर ज्याला मानाने पुढे करतो तो सूत्रधार आणि फळीवर सूत मारणारा सुतार, दोघांच्या हाती एकच दोरी आहे.

बांबूची लेखणी

दोरी फक्त लांब सरळ रेघ मारते. आडव्या रेघा, खाचांच्या कडा आणि अक्षरे यांसाठी 'सुमिसाशी' ही बांबूची लेखणी असते. हिचे एक टोक रुंद व चपटे, तिरके कापलेले आणि कडेला पुष्कळ बारीक चिरा पाडलेल्या असतात. त्या चिरांत शाई साठते आणि चपट्या टोकाने बारीक रेघ ओढता येते. दुसरे टोक गोल, ठेचून मऊ केलेले. त्याने ब्रशाप्रमाणे अक्षरे लिहितात. ही लेखणी सुतार स्वतः बनवतो, झिजली की पुन्हा कापतो.

हिने काय लिहितात? प्रत्येक खांबाचे नाव. घराच्या नकाशावर एका दिशेने जपानी वर्णमालेची जुनी क्रमवारी, इ-रो-हा, आणि दुसऱ्या दिशेने आकडे घेतले की प्रत्येक खांबाला 'इ-एक', 'रो-दोन' असा पत्ता मिळतो. हा नकाशा पुष्कळदा साध्या फळीवर शाईने काढलेला असतो. त्याचबरोबर उंचीची सगळी मापे, म्हणजे जोते, खिडकी, तुळई, एका लांब काठीवर एकदाच खुणा करून ठेवतात आणि त्या काठीवरून प्रत्येक खांबावर उतरवतात. दरवेळी पट्टीने नव्याने मोजले की दरवेळी नवी चूक होण्याची शक्यता. काठी एकच असली की निदान सगळे खांब सारखे होतात. अण्णा खिडक्यांच्या चौकटी करताना एका पट्टीवर अशाच खुणा करतात. मी त्यांना पूर्वी विचारीत असे की टेप असताना ही काठी कशाला. आता विचारीत नाही.

या लेखणीविषयी मला सर्वांत आवडलेली गोष्ट चुकीबद्दलची आहे. शाईची रेघ पुसता येत नाही. चुकीची रेघ पडली तर सुतार बरोबर रेघ तिच्याशेजारी ओढतो आणि कोणती रेघ खरी हे दाखवणारी एक ठरलेली खूण करतो. ती खूण पाहून कापणारा शिष्य समजतो. चूक लपवली जात नाही, पण तिच्यामुळे पुढच्याची फसगतही होत नाही. आपल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील खाडाखोडीपेक्षा ही पद्धत मला फार सभ्य वाटते.

कोनमापातील गणित

तिसरे साधन 'साशिगाने'. आपल्या सुताराचा गुण्या असतो, तसेच हे काटकोनी साधन. पण आपल्या गुण्याला जाड मूठ असते, तर साशिगाने म्हणजे पोलादाची एकसंध, पातळ, लवचीक पट्टी असते. नेहमीच्या आकाराची लांब भुजा सुमारे ५० सेंटिमीटर, आखूड भुजा सुमारे २५ आणि रुंदी १५ मिलिमीटर. पातळ असल्याने ती गोल खांबालाही वळवून लावता येते.

हिच्या पुढच्या बाजूला साधी मापे असतात. खरी गंमत मागच्या बाजूला आहे. तेथे 'काकुमे' नावाचे मापन साध्या मापाच्या १.४१४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतके, ताणलेले असते. ओंडक्याच्या तोंडावर या मापाने व्यास मोजला की आकडा येतो तो व्यासाचा नव्हे, तर त्या ओंडक्यातून निघू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरस खांबाच्या बाजूचा! उदाहरणार्थ, व्यास ३० सेंटिमीटर असेल तर काकुमे सुमारे २१.२ दाखवते. दुसरे मापन 'मारुमे'. त्याने व्यास मोजला की थेट परिघ वाचता येतो. १० सेंटिमीटर व्यासाला ३१.४. ज्या सुताराने वर्गमूळ किंवा पाय यांची नावेही ऐकली नसतील, त्याच्या हाती ही दोन्ही तयार होती. या कोनमापाने छपराचे उतार व कोपऱ्यांचे अवघड छेद काढण्याचे एक संपूर्ण शास्त्र जपानी सुतारांनी उभारले. उतार अंशांत सांगत नाहीत. दहाला चार चढ असेल तर 'चार सुनांचा उतार' म्हणतात. लांब भुजेवर दहा व आखूड भुजेवर चार या खुणा लाकडाच्या कडेला टेकवल्या की तो उतार लाकडावर उतरला.

याच साधनाने आणखी एक युक्ती करता येते आणि ती कोणीही घरी करून पाहावी. १७ सेंटिमीटर रुंदीच्या फळीचे पाच सारखे भाग करायचे आहेत. भागाकार करीत बसू नये. पट्टी तिरकी ठेवावी, शून्य एका कडेवर आणि २० दुसऱ्या कडेवर येईल अशी. मग ४, ८, १२ आणि १६ वर खुणा कराव्यात आणि त्या खुणांतून कडेला समांतर रेघा ओढाव्यात. पाच भाग सारखे होतात.

मापांबद्दल एक छोटा इतिहास सांगण्यासारखा आहे. जपानी सुताराचे पारंपरिक माप 'शाकु'. १८९१ च्या कायद्याने एक शाकु म्हणजे मीटरचे दहा तेहतिसांश, म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर, असे ठरले. शाकुचा दहावा भाग 'सुन' आणि सुनचा दहावा भाग 'बु'. १९५९ पासून तेथे व्यवहारात मेट्रिक मापे सक्तीची झाली आणि शाकुच्या पट्ट्या विकणे बेकायदा ठरले. पण घरे, चटया, खांब सगळे शाकुच्या हिशोबाने बांधलेले! गीतकार व नभोवाणीवरील लोकप्रिय वक्ते एइ रोकुसुके यांनी १९७६ साली सुतारांची बाजू घेऊन मोहीम उघडली आणि त्यानंतर शाकुशी जुळणाऱ्या खुणा असलेली कोनमापे विकण्याची मुभा मिळाली. सुनाच्या खुणेला मात्र कागदोपत्री 'मीटरचा तेहतिसावा भाग' म्हणायचे! आपल्याकडेही १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली. तरी सुतार अजून फूट, इंच आणि सुतातच बोलतो. हाताची भाषा कायद्याच्या गतीने बदलत नाही.

पांढरी रेघ

येथवर घर बांधणाऱ्या सुताराची साधने झाली. कपाटे, पेट्या, सरकते दरवाजे करणारा कारागीर शाई वापरीत नाही, कारण त्याचे लाकूड उघडे राहते आणि शाईचा डाग जात नाही. शिवाय शाईच्या रेघेला जाडी असते. घर बांधताना 'रेघ ठेवून काप', 'रेघ अर्धी काप' किंवा 'रेघ काढून काप' असे आधी ठरवावे लागते. पेटीच्या सांध्यात एवढी जाडीसुद्धा चालत नाही.

म्हणून तेथे 'शिराबिकी' ही सुरी येते. 'शिरा' म्हणजे पांढरे. सुरीने पडणारा बारीक चरा पांढरा दिसतो म्हणून हे नाव. हिला एकाच बाजूने धार असते, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू गुण्याला चिकटवून ओढली की रेघ बरोबर पट्टीच्या कडेला पडते. पेन्सिलीचे टोक पट्टीपासून थोडे दूर राहते आणि लिहिता लिहिता जाड होते. सुरीचे तसे नाही. दुसरा फायदा असा की सुरीने लाकडाचे तंतू आधीच तुटलेले असतात, त्यामुळे करवत चालवताना कडेच्या ढलप्या उडत नाहीत आणि शेवटी पटाशीची धार त्या चऱ्यात आपोआप बसते. म्हणजे ही रेघ डोळ्याला दिसते तशी हातालाही लागते.

कडेला समांतर रेघ मारण्यासाठी 'केबिकी' असते. आपल्याकडील मार्किंग गेजसारखेच हे साधन. दांडी आणि तिच्यावर सरकणारा ठोकळा. फरक इतकाच की टोकाला खिळ्याऐवजी बारीक पाते असते. खिळा लाकूड ओरबाडतो, पाते कापते. हे पाते किंचित तिरके बसवतात, त्यामुळे केबिकी ओढताना ठोकळा लाकडाच्या कडेला आपणहून चिकटून राहतो. खाचेच्या दोन्ही कडा एकदम मारण्यासाठी दोन पात्यांची केबिकीही मिळते.

निवड आणि उपयोग

नवशिक्याने यांतले काय घ्यावे? जपानी बनावटीची साधने घेण्याची ऐपत आमच्यासारख्यांची नसते, पण तत्त्व कळले तर इथल्या वस्तूंनीही काम भागते. लहान कामाला तीन गोष्टी पुरतात: खात्रीचा काटकोन, एका बाजूने धार असलेली सुरी आणि पात्याचे केबिकी. लांब किंवा वाकडे लाकूड असेल तरच शाईची दोरी.

काटकोन खरा आहे का हे विकत घेताना तपासावे. सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून रेघ मारावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फट पडली तर गुण्याची चूक फटीच्या निम्मी आहे असे समजावे. सुरी घेताना आपण उजव्या हाताने काम करतो की डाव्या हे पाहून उताराची बाजू निवडावी. केबिकीचा ठोकळा घट्ट केल्यावर हलता कामा नये. बाकी दिखाव्याकडे पाहू नये.

उपयोगाच्या वेळी पहिले काम रेघ ओढण्याचे नाही, लाकूड वाचण्याचे आहे. बुंधा कोणत्या बाजूला होता? जपानी सुतार खांब उभा करताना बुंध्याची बाजू खाली ठेवतो. वाकलेल्या लाकडाची पाठ कोणती आणि पोट कोणते? तुळईची पाठ वर ठेवतात, म्हणजे वजन पडल्यावर ती सरळ होऊ पाहते. फळीची सालीकडची बाजू कोणती आणि गाभ्याकडची कोणती? हे ठरल्यावर दोन लगतच्या बाजू रंध्याने सरळ व परस्परांशी काटकोनात करायच्या, त्यांवर खूण करायची आणि यापुढची सगळी मापे केवळ या दोन बाजूंपासून घ्यायची.

हा शेवटचा नियम मी पुस्तकात वाचला होता, तरी मला तो कळला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत मी पुस्तकांसाठी एक छोटी मांडणी करायला घेतली. चार पाय, चार आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी मी टेपने वेगवेगळी मोजली आणि चारी बाजूंनी रेघ फिरवताना गुण्या जी बाजू समोर येईल तिला टेकवला. चौथ्या बाजूची रेघ पहिल्या रेघेला भेटायला हवी होती. ती दोन सूत लांब पडली. मी विचार केला, एवढ्याने काय होते, आणि कापले. मांडणी उभी केली तेव्हा ती तीन पायांवर उभी राहिली. चौथा पाय हवेत!

अण्णांनी ती हलवून पाहिली. "करवत बरोबर चाललीय तुझी," ते म्हणाले, "चूक त्याच्या आधीची आहे. रेघ भेटली नाही तेव्हाच थांबायचं होतंस." मग त्यांनी चारही नव्या पट्ट्या एकत्र आवळल्या, कडा जुळवल्या आणि एकाच वेळी चारींवर एक रेघ मारली. मापाचा आकडा त्यांनी तोंडाने उच्चारलाही नाही. पट्ट्या कितीही सेंटिमीटरच्या असोत, आता त्या एकमेकींसारख्या होत्या.

त्यानंतर आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. चुन्याच्या जुन्या डबीला समोरासमोर दोन भोके पाडली, आत कापूस, कापसावर चिमणीची काजळी आणि डिंकाचे पाणी. भोकांतून जाड शिवणदोरा ओवला, टोकाला दाभण बांधला. झाला आमचा सुमित्सुबो. पहिल्या दोन रेघा शाई जास्त झाल्याने पसरल्या. कापूस पिळून घेतल्यावर तिसरी रेघ केसासारखी उमटली. बांबूची लेखणी मात्र मला तीन वेळा कापावी लागली. चिरा खोल गेल्या की शाईचा थेंब पडतो, उथळ राहिल्या की रेघ मध्येच तुटते. अण्णांनी चौथी कापली आणि लाकडाच्या तुकड्यावर आपले नाव लिहिले. सही करण्यापुरते लिहिणारे ते, पण ती रेघ एका दमात गेली.

शेवटी

जपानातही आता बहुतेक नव्या घरांची लाकडे कारखान्यात यंत्रावर कापून येतात आणि शाईने खुणा करणारा सुतार कमी होत चालला आहे. कोबे येथील ताकेनाका सुतारी हत्यारांच्या संग्रहालयात १९८४ पासून ही साधने जतन केली जात आहेत आणि लाकडी वास्तू टिकवण्याच्या तेथील पारंपरिक कौशल्यांना २०२० साली युनेस्कोने आपल्या यादीत स्थान दिले. बांधकामावर आता प्रकाशाची किरणे टाकून रेघ दाखवणारे यंत्र वापरतात. त्यात शाईचा थेंबही नसतो. तरी जपानी भाषेत त्या यंत्राच्या नावात 'सुमि' म्हणजे शाई हा शब्द कायम आहे.

मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नाकडे आता वळते. बी.ए.ला सुतारकाम नाही, हे खरे. पण आपण येथे तीन वर्षे काय शिकतो? आधी वाचायचे, मग विचार करायचा आणि जबाबदारीने लिहायचे. एकदा लिहिलेले पुसता येत नाही, चुकले तर बरोबर काय ते शेजारी स्पष्ट दाखवायचे आणि आपल्या लिहिण्यावर दुसऱ्या कोणाची करवत चालणार आहे हे विसरायचे नाही. सुताराची रेघ म्हणजे नेमके हेच आहे. माझ्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिली. म्हणून इतके दिवस मी समजत होते की घरात लिहिता-वाचता येणारीही मीच पहिली. ती माझी समजूत चुकीची होती. बरोबर रेघ मी तिच्याशेजारी आज ओढली आहे.

या वर्षीच्या खंडेनवमीला अण्णांनी नेहमीप्रमाणे करवत, रंधा, वाकस आणि पटाश्या धुऊन पाटावर मांडल्या आणि हळदकुंकू वाहिले. सुताचा गुंडा त्यांच्या पिशवीतच राहिला होता, दरवर्षी राहतो तसा. तो मी काढून करवतीच्या आधी ठेवला. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी त्यालाही कुंकू लावले.